बिनअस्तराचा कोट

आईने कोट उलटा करून मांडीवर घेतला आणि ब्लेडच्या टोकाने अस्तराचा पहिला टाका उसवला. मग दुसरा. स्वतःच्या हाताने घातलेले टाके उसवण्याइतकं जिवावर येणारं काम शिलाईच्या धंद्यात दुसरं नाही. त्यात हे टाके तिने लेकीच्या कोटाला फुरसतीने, कौतुकाने घातलेले. पलीकडे इस्त्री करणाऱ्या नवऱ्याने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा समोरच्या बाहीवर पाणी शिंपडलं. या घरात कधी गप्प बसायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

शाळेचे सगळे कोट याच खोलीत शिवले जात. जाड निळं कापड, छाती ताठ राहावी म्हणून आत कडक बकरम, आतून चकचकीत अस्तर. शाळा सुरू झाली त्या काळात सकाळी कडाक्याची थंडी पडत असे म्हणतात. आता थंडी नावालाही उरली नव्हती, पण कोट आपला होता तसाच होता. पूर्वी दुरुस्तीला येणाऱ्या कोटांची कोपरं फाटलेली असत, कारण पोरं धडपडत. हल्ली काखेतलं अस्तर घामाने विरून आलेलं असे. आई ते काढून नवं लावी, हवेला दोन शिव्या घाली आणि पुढचा कोट ओढून घेई.

लेक मात्र शिव्यांवर भागवणारी नव्हती. लहानपणापासून एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. शाळेच्या पर्यावरण मंडळाची ती अध्यक्ष होती. गेल्या आठवड्यात शाळेने हवामान जागृती सप्ताह केला. पाहुणे मंडपाच्या सावलीत उभे राहून पृथ्वी कशी तापते आहे ते सांगत होते, आणि मुलं मैदानात, उन्हात, कोटाची सगळी बटणं लावून ऐकत होती. भाषण ऐन रंगात आलं असताना चौथीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. भिंगरी धावत गेली, स्वतःचा कोट काढून त्याची घडी तिने त्या मुलीच्या डोक्याखाली दिली. इथपर्यंत सगळ्यांनी तिचं कौतुकच केलं. पण मुलगी शुद्धीवर आली, घरी गेली, तरी भिंगरीने कोट काही परत अंगात घातला नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिच्या वर्गातल्या आणखी काही जणांचे कोट बाकांवर पडलेले दिसू लागले आणि आईला शाळेतून बोलावणं आलं.

मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. टेबलावर पुढच्या वर्षीच्या कोटाचा नमुना होता, आईनेच शिवून दिलेला.

“मुलगी हुशार आहे तुमची,” त्या म्हणाल्या. “शनिवारी आपल्या शाळेला हवामान जागृतीचं पारितोषिक मिळतंय. मुलांच्या वतीने तीच बोलणार आहे. माझं म्हणणं एवढंच, कोट घालून बोलू दे.”

“उकडतं म्हणते, बाई.”

“सगळ्यांनाच उकडतं. मला उकडत नाही का?” भिंतीवरच्या यंत्रातून येणारा गार वारा त्यांच्या टेबलावरचे कागद हलवत होता. “कोटाचा विषय मी समितीपुढे ठेवलाय. होईल विचार. पण एकेक मूल स्वतःचे नियम करायला लागलं तर शाळा चालवायची कशी?” त्यांनी नमुन्याची कॉलर बोटांनी सरळ केली. “पुढच्या वर्षीचं कामही तुमच्याकडेच द्यावं असं माझ्या मनात आहे. तुम्ही काय ते घरी बोला.”

धमकी म्हणावी तर बाईंचा आवाज जराही चढला नव्हता, आणि धमकी नव्हती म्हणावं तर पुढच्या वर्षीच्या कामाचा विषय आत्ताच कशाला निघाला असता? कोटांचं काम गेलं तर निम्मं वर्ष हातावर हात ठेवून बसावं लागणार होतं. पुढच्या वर्षीच्या अस्तराचा तागासुद्धा तिने आधीच आणून भिंतीशी उभा केला होता.

“घालेल ती कोट,” आई म्हणाली. “मी शब्द देते.”

म्हणून हे उसवणं चाललं होतं. कोटही अंगात राहील आणि पोरीला उकडणारही नाही, अशी युक्ती तिने घरी येता येता वाटेतच योजली होती. आपल्या डोक्यावर ती खूश होती.

संध्याकाळी भिंगरी आली तेव्हा कोट खुंटीला होता. बाहेरून पाहिलं तर अगदी पहिल्यासारखा. भिंगरीने तो नुसता हातात घेतला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

“हलका कसा झाला हा?”

“अस्तर काढलंय. वारा लागेल आत. शनिवारी घाल, कुणाला पत्ता लागणार नाही.”

“म्हणजे मला गार, आणि बाकीच्यांनी उकडून मरायचं?”

“बाकीच्यांना काय आया नाहीत? मी एकटीच का सगळ्यांची?”

“कोट तर सगळ्यांचे तूच शिवतेस.”

नवऱ्याला एकाएकी ठसका लागला. आईने त्याच्याकडे पाहिलं तसा तो इस्त्रीच्या वायरचा पीळ सोडवू लागला.

“हे बघ भिंगरे,” आई म्हणाली, “भाषण तुला हवं ते कर. पण मी शब्द देऊन आलेय. हे काम गेलं तर आपण खायचं काय, ते सांग आधी.”

भिंगरीने कोटाच्या आतल्या बाजूने हात फिरवला.

“मला उकडतं म्हणून नाही काढला मी कोट,” ती म्हणाली. “ती पडली ना, तेव्हा मी तिची बटणं सोडली. घामाने निथळत होती ती. आणि सर काय म्हणाले माहितेय? बटणं लाव तिची, पाहुणे बघतायत. आई, कुणाला पत्ता लागू नये असं मला नकोच आहे. पत्ता लागायलाच हवाय.”

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या नेढ्यातून जाईना.

“तू कोट घालायचाच शब्द दिलायस ना?” भिंगरीने विचारलं.

“हो.”

“मग घालीन.”

आईने सुटकेचा श्वास सोडला. ही इतक्या सहजी कधी ऐकत नाही, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. आई आणि नवरा शेवटच्या रांगेत बसले. पाहुण्यांचे सत्कार झाले, पारितोषिकाची चकचकीत पाटी मुख्याध्यापिकांच्या हाती आली, फोटो निघाले. मग मुलांच्या वतीने बोलायला पर्यावरण मंडळाच्या अध्यक्षांचं नाव पुकारलं गेलं आणि भिंगरी पडद्याआडून आली.

कोट तिने घातला होता. उलटा. खांद्यांतल्या गाद्या दोन्हीकडे वर आलेल्या, छातीवर बकरमचा पिवळट तुकडा, खिशांच्या पांढऱ्या पिशव्या लोंबत असलेल्या, आणि उघड्या शिवणींच्या कडेने दोरेच दोरे. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला. आईने तोंडावर हात घेतला.

“हसा,” भिंगरी माईकसमोर म्हणाली. “मलाही आरशात बघून हसू आलं. हा आपल्या शाळेचा कोट. माझ्या आईने शिवलाय. अस्तर तिनेच काढलं, मला उकडू नये म्हणून. सरळ बाजूने घातला असता तर तुम्हाला कळलंही नसतं.” ती जरा थांबली. “हवामान बदललं आहे, असं आमच्या पुस्तकात आहे. आम्ही ते पाठ केलंय, हा कोट घालून. आजचं बक्षीसही त्याचंच आहे. मग ते खरं आहे की नाही, एवढं मोठ्यांनी आम्हाला सांगावं. खरं असेल, तर सुरुवात म्हणून हा कोट अंगातून उतरू द्या. एक कोट बदलत नसेल, तर बाकी सगळं बदलेल म्हणून आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा? नियम कोट घालायचा आहे. मी घातलाय.”

टाळी वाजली नाही. पाहुणे पाटीकडे बघत राहिले. मग पहिल्या रांगेत एक लहान मुलगी उभी राहिली आणि बटणं सोडू लागली. त्या दिवशी चक्कर येऊन पडलेली चौथीतली ती हीच. कोट उलटा करताना बाही मनगटात अडकली, तेव्हा शेजारणीने ती ओढून दिली. काखेतल्या अस्तराला ठिगळ होतं. आईने ते इतक्या लांबूनही ओळखलं, कारण ते तिच्याच हातचं होतं. मागे आणखी काही मुलं उठली. सगळी नाही. बरीचशी खाली मान घालून बसून राहिली.

आईला लाज वाटली. आधी तिला वाटलं, ती त्या लोंबणाऱ्या दोऱ्यांची आहे. पण दोऱ्यांकडे तिचं आता लक्षही नव्हतं. विरलेलं अस्तर काढून पुन्हा तसलंच नवं लावत राहिलो आपण, आणि हवेला शिव्या घातल्या की झालं असं समजलो, हे तिला त्या ठिगळाकडे बघताना कळलं. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त, ज्या आवाजात तिने ‘मी शब्द देते’ म्हटलं होतं त्या आवाजाचा.

मुख्याध्यापिकांनी तिला दारातच गाठलं.

“तुम्ही शब्द दिला होता.”

“पाळलाय की, बाई. कोट अंगातच होता.”

“मग पुढच्या वर्षीच्या कामाचं मला बघावं लागेल.”

“बघा,” आई म्हणाली. “बिनअस्तराचे हवे असले तर निरोप धाडा. अस्तराचे मी नाही शिवणार.”

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर भिंगरी उंबऱ्यातच थांबली.

“बोल काय बोलायचं ते,” ती आईला म्हणाली.

“कोट दे इकडे.”

आईने तो उजेडात धरला. एक दोरा दाताने तोडला, मग दुसरा.

“आतली बाजू चारचौघांत मिरवायची होती, तर आधी सांगायला काय झालं होतं? माझ्या आईने शिवलाय म्हणून सांगतेस, आणि ही असली शिवण! हे दोरे बघ. लोक काय म्हणतील, हिला काम येत नाही?”

भिंगरी बघतच राहिली. आईने भिंतीशी उभा केलेला अस्तराचा तागा उचलून टेबलावर आडवा टाकला, सुतळी सोडली आणि कापड लांबवर उलगडलं. उघड्या शिवणी झाकायच्या तर त्यांना कडेने पट्टी लावावी लागते, आणि पट्टीचं कापड तिरकं कापावं लागतं. आईने खडू घेतला आणि एका कोपऱ्यापासून तिरकी रेघ ओढली.

“त्या चौथीतल्या पोरीला निरोप दे,” ती म्हणाली. “कोट घेऊन ये म्हणावं, अस्तर काढून देते. आणि बाकीची जी उठली होती, त्यांनाही. धुऊन आणा म्हणावं आधी.”

“अगं, तिरकं कापलंस तर त्याचं परत अस्तर व्हायचं नाही,” नवरा म्हणाला. “अख्खा तागा वाया जाईल.”

“माहितेय मला,” आई म्हणाली आणि तिने रेघेवरून कात्री चालवली.