बारा गाठींचं पाणी

गोविंदाची दीड एकर भातखाचरं नव्वद साली धरणाच्या पाण्याखाली गेली आणि त्याला त्याच धरणावर नोकरी लागली. महिन्यातून एकदा होडी घेऊन पाण्याच्या मध्यावर जायचं, गाठी मारलेल्या दोरीनं पांढरी तबकडी आत सोडायची, ती दिसेनाशी झाली की गाठी मोजून वहीत लिहायच्या. पाणी जितकं नितळ तितक्या गाठी जास्त. सोबत भरलेल्या बाटल्या एसटीनं रोह्याच्या प्रयोगशाळेत जायच्या.

पहिल्या वर्षी तबकडी बारा गाठींपर्यंत दिसे. माघातल्या सकाळी धुकं पाण्यावर टेकलेलं असायचं, होडी ढगातून चालल्यासारखी वाटायची. खाली त्याच्या खाचराचा बांध दिसे. बांधावरून मासे संथपणे जात. गोविंदा वल्ही सोडून बघत बसे.

अठ्ठ्याण्णवच्या माघात प्रयोगशाळेतली मृणाली स्वतः आली. दोन वर्षं बाटल्यांतलं पाणी हिरवट येत होतं, वहीत मात्र अकरा, साडेअकरा गाठी.

"काका, दोरी तुम्ही सोडा. आज मी बघते."

तबकडी खाली गेली. आधी लख्ख, मग पिठाच्या डागाएवढी.

"गेली," मृणाली म्हणाली. सात गाठी झाल्या होत्या.

गोविंदा दोरी सोडतच राहिला. "अजून हाय. त्यो बघा बांध. त्याच्या कडंला आंब्याचा बुंधा..."

"काका, मला नुसतं हिरवं दिसतंय."

त्यानं दोरी थांबवली. होडी आपोआप फिरत होती.

"मलापण तेच दिसतं, बाय. पण सात लिवलं असतं तर शेत खरंच गेलं असतं."

मृणाली रागावली नाही. तिनं विचारलं, "खरे आकडे आठवतात?"

"सगळे."

होडीतच त्यानं एकेक महिना सांगितला. तिनं लाल पेनानं वहीतल्या आकड्यांशेजारी खरे आकडे लिहिले, वर 'आठवणीवरून' अशी नोंद केली, आणि त्यानं खाली सही केली. आकडे शहाण्णवपासून घसरत होते. धरणात येणाऱ्या वरच्या ओढ्याकाठी फार्महाऊसं झाली, तेव्हापासून.

मृणालीच्या अहवालावर धरणाच्या साहेबांनी ओढ्याच्या पाण्याची तपासणी लावली. फार्महाऊसवाल्यांना नोटिसा गेल्या. पुढं काय होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

फाल्गुनात गोविंदा एकटाच गेला. तबकडी सोडली, नीट बघितलं आणि वहीत साडेसहा लिहिलं. मग हात पाण्यात बुडवून धुकं विरेपर्यंत तसाच बसून राहिला.