समुद्रदेवीचं सासर

गिंतौतास लिथुआनियाच्या किनाऱ्यावरच्या गावातून प्रागला इंजिनिअरिंग शिकायला आला, तो आमच्याच गल्लीत हलादिकोवाबाईंकडे राहायला. खोली ओलसर होती. पण बाईंची मुलगी झ्दिस्लावा जेवण वाढायची, म्हणून पठ्ठ्याने तक्रार केली नाही.

त्याच टेबलावर व्हर्बेन्स्की नावाचे कादंबरीकार जेवायचे. चार वर्षं त्यांना ओळ सुचली नव्हती. भूक मात्र उत्तम होती.

एकदा गिंतौतासने गावाकडची दंतकथा सांगितली. समुद्रदेवी एका कोळ्यावर भाळली. विजांचा देव खवळला, त्याने तिचा अंबराचा, समुद्रात सापडणाऱ्या सोनेरी खड्यांचा, महाल फोडला, कोळ्याला मारलं. देवी अजून तळाशी रडते.

"असं रडकं इथं कोण वाचणार?" व्हर्बेन्स्की म्हणाले. "लग्न-बिग्न नाही का होत?"

झ्दिस्लावा शेजारीच उभी होती. गिंतौतासने बेधडक ठोकून दिलं, "आमच्या आळीत वेगळी सांगतात. देवी पाणी सोडून त्याच्या घरी येते. करड्या डोळ्यांची, फटकळ. चूल फुंकताना त्यालाच शिव्या घालते, आणि तो बिचारा खूश!"

हे सगळं तो झ्दिस्लावाकडे बघत बोलला. व्हर्बेन्स्की वहीकडे बघत होते.

त्या वहीतून निघालेली कादंबरी तुफान खपली. झ्दिस्लावाने ती दोनदा वाचली आणि गिंतौतासलाच म्हणाली, "बाईचं मन इतकं कसं रे कळलं यांना? आणि आपण समजत होतो, यांना फक्त पोर्क कळतं!"

वसंतात तिने व्हर्बेन्स्कींशी लग्न केलं. गिंतौतास करवल्यासारखा मिरवला, पदवी घेतली आणि गावी परतला.

काही वर्षांनी कादंबरीचं लिथुआनियन भाषांतर झालं, मग गावच्या मंडळींनी नाटक बसवलं. शेवटच्या अंकात देवी चूल फुंकते तेव्हा गिंतौतासची आई डोळे पुसू लागली.

"आई, देवी तर अजून तळाशी रडते. तूच सांगायचीस."

"मी? काहीतरीच! देवी घरी येते, हे पूर्वापार चालत आलंय. प्रागला जाऊन सगळं विसरलास बघ."

"अगं, ते मी रचलं होतं!"

"तू? तुला साधं पत्र लिहिता येत नाही धड."

प्रयोगाला व्हर्बेन्स्की सपत्नीक पाहुणे म्हणून आले होते. टाळ्या सुरू असताना झ्दिस्लावा गिंतौतासला बाहेर घेऊन गेली. समोर समुद्र शांत होता.

"खरं सांग," ती म्हणाली, "ती चुलीची गोष्ट त्यांची, की तुझी?"

"आमच्या आळीची."

"दहा वर्षं मी शिव्या घालतेय रे त्यांना," ती म्हणाली, "एकदासुद्धा खूश झाले नाहीत."

आतून व्हर्बेन्स्कींची हाक आली. भाषणाचे कागद तिच्या पर्समध्ये होते. ती गेली. गिंतौतास आईसाठी शाल आणायला घराकडे वळला.