गोपिकाबाईची फुंकर

“ताप गेल्ता, म्हून गोळ्या सोडल्या,” गोपिकाबाई म्हणाली. जाफराबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“ताप गेला होता मावशी, जंतू नव्हता गेला. रक्तात राखणदार पेशी असतात, त्या जंतूला गिळून मारतात. हा गिळला तरी मरत नाही. राखणदाराच्याच पोटात लपतो, तिथंच वाढतो. बाहेर पडला की परत ताप. आता मणक्यात शिरलाय.”

सून छकुली तिला धरून उभी होती. गोपिकाबाईनं जरा विचार केला.

“म्हंजी राखणीच्या कुत्र्यानंच लांडगा पोसला म्हना की.”

“तसंच. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि करडाच्या नाकाला तोंड लावायचं नाही. तिथूनच आलाय हा.”

गोळ्यांचं ठीक होतं. दुसरी गोष्ट मात्र तिच्या गळी उतरेना. वस्तीवर कुणाचीही शेळी विताना अडली की बोलावणं तिलाच यायचं. करडू निपचित पडलं, तर ती पदरानं नाक पुसून तोंडानं फुंकर घालायची, आणि ते धडपडत उभं राहायचं. बाईला दुसरा कसला मान मिळाला होता जन्मात! गेल्या साली तिच्याच शेळ्या एकामागून एक दिवस भरण्याआधीच गाभडल्या. तिनं प्रत्येक पिल्लाला फुंकर घातली. एकही उठलं नाही, हिला मात्र ताप धरला.

आठवड्याभरात तिची लाडकी तांबडी शेळी अडली. छकुलीनं हातमोजे चढवले.

“तुमी लांब बसा, आत्याबाई. तोंडानं सांगा, मी करते.”

गोपिकाबाई भिंतीला टेकून सांगत राहिली. करडू बाहेर आलं. छकुलीनं ते उलटं धरलं, चोळलं, नाकात काडी फिरवली. ते हललं नाही.

“आन इकडं.”

“न्हाई.”

“एकडाव. बघ की, काळीज उडून राह्यलंय त्याचं.”

छकुलीलाही ते दिसत होतं. तिनं करडू मांडीवर घेतलं आणि सासूकडे पाठ केली. “तुमाला परत उचलून न्यायची ताकद न्हाई माझ्यात,” ती म्हणाली. ती पुन्हा चोळू लागली.

गोपिकाबाईनं सवयीनं छाती भरून श्वास घेतला होता. तांबडी पिल्लासाठी ओरडत होती. थोड्या वेळानं छकुलीचे चोळणारे हात थांबले.

मग गोपिकाबाईनं तोंड फिरवलं आणि तो श्वास हळूहळू रिकाम्या अंगणात सोडून दिला.