कानावरचं जानवं

मामंजींना जाऊन सात वर्षं झाली, तरी परसातल्या मेंदीच्या कुंपणाशी ते अजून उभे असतात. पाठमोरे, उजव्या कानावर जानवं. मी भांडी घासायला बसले की दिसतात. सांगू कोणाला? वेडी ठरवतील.

माझे सासरे रोहण्याला मास्तर होते. पेन्शन झाल्यावर इथं नालवाडीला आमच्याकडे आले. लघवीला जाताना जानवं कानावर, आल्यावर हातपाय धुऊन खाली, हा त्यांचा नेम. एका पोळ्यापासून ते दिवसभर कानावरच राहू लागलं, कारण उतरवेपर्यंत पुन्हा जावं लागे. माझी जीभ मेली लांब. म्हटलं, "मामंजी, कानाची खुंटी केली काऊन?" तेही हसले. मग घरात ती रोजचीच थट्टा झाली. उष्णता म्हणून मी धण्या-जिऱ्याचं पाणी देत गेले. कंबर धरली तेव्हा विटेनं शेकली.

पाय लुळे पडले तेव्हा वर्ध्याहून डॉक्टर आणला. मागच्या वाटेनं बोट घालून तपासतो म्हणाला. "वडिलांची असली विटंबना नको," हे म्हणाले. मामंजीच म्हणाले, "पाहू दे, कृष्णकांत."

डॉक्टर हात धूत म्हणाला, "लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी दगडासारखी लागते. कॅन्सर आहे, हाडात उतरला. वयानं ही ग्रंथी बहुतेक पुरुषांची वाढते, पण चांगली की वाईट ते बोटालाच कळतं. आधी पाहिलं असतं तर काही करता आलं असतं. लघवीचा त्रास कधीपासून?"

"त्रास नव्हताच," हे म्हणाले.

मी दाराआड होते. माझ्या थट्टेला दोन वर्षं झाली होती. मी तोंड उघडलं नाही.

परवा भांडी घासताना कुंपणाशी पाठ दिसली. सवयीनं मान खाली घातली. मग लक्षात आलं, पाठीवर कचेरीचा कोट होता.

हे वळले. मला पाहून हात न धुताच जानवं कानावरून उतरवलं.

"उष्णता आहे," म्हणाले. "धण्याचं पाणी दे."

"देणार नाई. डॉक्टरकडे चला."

"तसला तपास मी करू देणार नाई."

मी उठले. राखेच्या हातानंच जानवं उचललं आणि परत त्यांच्या कानावर ठेवलं. "असेच चला. डॉक्टर विचारेल कधीपासून. या खेपेला मी दाराआड राहणार नाई. काय सांगू त्याला?"

ह्यांनी जानवं कानावर तसंच राहू दिलं.

"गेल्या दिवाळीपासून."

कुंपणापलीकडे शेजारचा तानबा पोळ्यासाठी बैलांची शिंगं रंगवून राह्यला होता.