बारा रुग्णांची अट

"कागद असा लिही पोरी, की वाचणाऱ्याचे पाय दुखले पाहिजेत!" तीस वर्षांपूर्वी जुन्या साहेबांनी व्हर्नाला बजावलं होतं. आमच्या डोंगराळ काउंटीतल्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात नव्या सेवांचे प्रस्ताव तीच लिहायची. शेजारच्या टेबलावर मी ते टाइप करायचे. हा तिचा शेवटचा प्रस्ताव, डायलिसिस केंद्राचा. राज्याची अट होती : निदान बारा रुग्ण दाखवा, तरच परवानगी.

तिचा भाऊ लेस्टर डायलिसिसला डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचा, रुग्णांची ने-आण करणाऱ्या ओडेलच्या गाडीतून. 'डॉक्टरांनीच डायलिसिस थांबवलंय,' असा निरोप एके दिवशी ओडेलने आणला, आणि आठवड्यात लेस्टर वारला. त्यानंतरचे दोन हिवाळे व्हर्ना प्रस्तावासाठी त्या गाडीत बसली. वळणामागे वळण, बर्फामागे बर्फ. मांडीवर घड्याळ आणि वही. कोणाला कुठे उलटी झाली, चाक कुठे घसरलं, सगळं मिनिटासकट.

"म्हातारे, घरी बसून विणकाम कर की," ओडेल चिडवायचा.

"तू आधी नीट चालव. वहीत तुझंही नाव आहे."

राजधानीत सुनावणी झाली. पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलचा वकील उठला.

"तीन वर्षांपूर्वी तेरा रुग्ण, आज नऊ. गरज वाढतेय की आटतेय, मॅडम?"

"रस्ता मात्र तेवढाच आहे, साहेब," व्हर्ना म्हणाली. लोक हसले.

"असेल. पण चौघांना गरज उरली नाही, हे तुमचाच तक्ता सांगतो."

व्हर्नाने तक्त्याकडे पाहिलं. आकडे तिचेच होते, आणि खरे होते.

मागच्या बाकावरून ओडेल उठला.

"तुमचं नाव साक्षीदारांत नाही," सुनावणीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मी गाडी चालवतो, बाई. ती रिकामी का झाली, ते मलाच ठाऊक."

अध्यक्षबाईंनी त्याला बोलायची खूण केली.

"त्या चौघांकडेही मी गेलो होतो. हॉर्न वाजवला. दारात आले, पण पायरी उतरेनात. 'हा रस्ता आता नको,' म्हणाले. 'घरच्यांना सांगू नकोस.' नाही सांगितलं मी."

ओडेल अध्यक्षबाईंकडून वळला, थेट व्हर्नाकडे.

"डॉक्टरांनी काही थांबवलं नव्हतं गं. लेस्टरच आला नाही."