मिनलने काय वाचलं

२००६ सालची गोष्ट. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सुरुची नोकरीला होती. आसपासच्या सायबर कॅफेंना ही कंपनी एक सॉफ्टवेअर फुकट देई. नाव आणि फोन नंबर भरला की कॉम्प्युटर सुरू व्हायचा. बसलेल्या माणसाने कोणती पानं उघडली, तेही त्यात गुपचूप साठत होतं. ‘आपली माहिती गुप्त राहील’ ही पडद्यावरची ओळ सुरुचीनेच लिहिली होती, आणि तिला ती खरी वाटत होती.

एका दुपारी एक अनोळखी मुलगी तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात छापलेला कागद.

“मी मिनल. इंद्रलोकला राहते. मुलाकडून आलेल्या या कागदाखाली तुमच्या कंपनीचं नाव आहे,” ती म्हणाली. “माझं ठरलेलं लग्न मोडलं. मी अंगावरच्या पांढऱ्या कोडाची पानं वाचली, म्हणजे मलाच कोड आहे, असं मुलाची आई म्हणाली. कोड माझ्या आईला आहे. तिच्यासाठी वाचत होते मी.”

कागदावर नाव, फोन, तारीख, सगळं होतं. सुरुची तो घेऊन मालकाच्या केबिनमध्ये गेली. सुभाष चिवडा खात होता.

“अगं, वधूवर मंडळाला देतो आपण यादी,” तो म्हणाला. “हल्ली नुसती पत्रिका कोण बघतंय? हे बघ.” त्याने स्क्रीन वळवला. कोणी गर्भपाताबद्दल वाचलं होतं, कोणी फिट्सबद्दल. प्रत्येक नावापुढे लाल खूण. तेलकट बोटाने एकेक नाव दाखवत तो हसत होता. सुरुचीने यादी खालपर्यंत पाहिली; सगळी नावं मुलींचीच होती.

“मुलांची यादी कुठाय?”

“मुलांची कोण मागतंय?”

सुरुची पर्स उचलून बाहेर पडली ती थेट मिनलबरोबर तिच्या घरी. मिनलचे वडील महिपत नुकतेच मुलाकडच्यांशी फोनवर बोलले होते.

“डॉक्टरचा दाखला आणला तर साखरपुडा करू म्हणतायत,” ते सुटल्यासारखे म्हणाले. “आणि लग्नात तुझी आई जरा मागे बसली की झालं.”

मिनलच्या आईने, दुर्गाबाईंनी, पांढरे पडलेले हात पदराखाली घेतले.

“मी दाखला आणणार नाही, बाबा.”

“घर चांगलं आहे गो.”

“आईला मागे बसवणारं घर मला नको. त्यांना तसं कळवा, नाहीतर मी कळवते.”

मग नकार कळवायला महिपतनीच फोन उचलला.

सुरुचीने पाहिलेलं सगळं लिहून खाली सही केली. पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, “पण यात चोरीला काय गेलं?” तक्रार नोंदवून घ्यायला त्यांनी तीन दिवस लावले.

स्थानिक पेपरात बातमी आली. अशा आणखी मुली पुढे याव्यात म्हणून सुरुचीने त्यात स्वतःचा फोन नंबर दिला होता. दोन मुलींचे फोन आले. बाकीचे सगळे मुलांच्या आईबापांचे, ती यादी आता कुठे मिळेल ते विचारणारे.

सुरुची प्रत्येकाला एवढंच म्हणे, “आधी तुमच्या घरात कोण काय वाचतं ते सांगा. लिहून घेते.”

पलीकडून फोन ठेवला जाई.