भजनी मंडळाचे क्लिक

जेवताना ताटाच्या डाव्या बाजूला, लिंबाच्या जागी, सूनबाईंचा फोन. कावेरीबाईंना हे मुळीच बघवत नसे. घास तोंडात आणि डोळे फोनवर. आमटीत मीठ आहे की नाही याचा पत्ता नाही. अन्नाला नमस्कार करावा तशी मान खाली घालून बसायची आणि मधूनच "येस!" म्हणून ओरडायची. सुचित्रा ओरडली की समोर बसलेला शैलेंद्र, कावेरीबाईंचा एकुलता एक, हातातला घास थांबवून विचारायचा, "किती झाला?"

आमटी कशी झालीय, हे विचारायला मात्र या घरात कुणाला सवड नव्हती.

"शून्य पॉइंट नऊ," सुचित्रा म्हणाली. "आज बेंचमार्कच्या वर!"

"वा!"

कावेरीबाईंची शाळा चौथीत सुटली होती. पण ज्या आकड्याची सुरुवातच शून्यानं होते त्याला वा म्हणायचं नसतं, एवढं त्यांना शाळेशिवायही कळत होतं.

"कसला गं हा आकडा? रोज उठून ऐकते मी."

सुचित्रानं तोंड उघडलं, तोवर शैलेंद्रनंच सुरुवात केली. बायकोच्या कामाचं सांगायचं म्हटलं की त्याला भारी चेव चढायचा. "आई, फेसबुकवर जाहिरात येते ना, ती शंभर जणांनी बघितली तर त्यावर बोट किती जण दाबतात, तो आकडा. आता असं बघ, तू हळदीकुंकवाला शंभर बायकांना बोलावलंस तर येतात किती?"

"नव्वद. महाडला होतो तेव्हा पंच्याण्णव."

"आणि बाकीच्यांकडे?"

"साठ आल्या तरी डोक्यावरून पाणी."

"ते साठ म्हणजे बेंचमार्क. त्या धंद्यात सगळ्यांचं मिळून साधारण किती जमतं, ते. हिचा साहेब हिला त्याच्याशी ताडून बघतो. हिच्या क्लायंटनं ठरवून दिलंय, शंभरात पाऊण."

"पाऊण बाई कशी येते रे?"

"इट्स अ‍ॅन अ‍ॅव्हरेज, आजी," ताटातून मान वर न करता सृष्टी म्हणाली. नातीला मराठी समजायचं सगळं. बोलायची मात्र तिची इच्छा नसे.

"शंभरांना बोलावून पाऊण बाई येते," कावेरीबाई म्हणाल्या, "आणि त्याचा हिला पगार देतात."

आणि धंदा तरी कसला, तर बिअरचा. दुबईतल्या ऑफिसात बसून सुचित्रा इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या एका बिअरच्या जाहिराती करायची. इथं शारजात दारूचा थेंब मिळत नाही, जाहिरात दाखवायची तर सोयच नाही. आणि इथल्याच अल नहदा वस्तीतल्या अकराव्या मजल्यावरच्या घरात, देव्हाऱ्यापासून चार हातांवर, तिन्ही त्रिकाळ बिअरच्या गोष्टी. कावेरीबाईंनी एकदा देवाकडे बघून खोलीचं दार लोटून घेतलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात यायचे दिवस होऊन गेले होते. २००९ साली शैलेंद्रची बिल्डिंगवाली कंपनी रातोरात गुंडाळली गेली आणि तो सात महिने घरात भिंतीकडे तोंड करून बसला, तेव्हा महाडहून येऊन हे घर कुणी उभं केलं? कावेरीबाईंनी. साइटवरच्या कोकणातल्या बारा पोरांचे डबे या एवढ्याशा ओट्यावर त्यांनी रांधले. तेव्हा शैलेंद्र सकाळी उठला की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. मग पोरांच्या साइटही बंद पडल्या, डबे गेले, सुचित्राला या जाहिरातवाल्यांकडे चिकटता आलं, आणि तिच्या पगारावर घरभाडं आणि सृष्टीची शाळा चालू लागली. शैलेंद्र आता शेजारच्या अजमानला किरकोळ नोकरीवर होता. सकाळी उठला की बायकोच्या फोनकडे बघायचा.

सहा वर्षं कावेरीबाई हे बघत होत्या. सून वाईट असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना कितीदा तरी वाटे. वाईट सुनेबद्दल चारचौघीत बोलता येतं. ही पोळ्यासुद्धा बऱ्या करायची.

त्या महिन्यात तर घरात परीक्षेचं वातावरण. इंग्लंडातल्या लेस्टर या, आपल्या लोकांनी गजबजलेल्या एकाच गावात पंधरा दिवस सुचित्राची जाहिरात चालणार होती. आकडा बेंचमार्कच्या वर राहिला तर तिला अख्ख्या टीमची प्रमुख करणार, असं तिच्या साहेबानं, सुदेशनं, कबूल केलं होतं. शैलेंद्र रोज ऑफिसातून तिला फोन करून आकडा विचारायचा. आईचं ब्लडप्रेशर तपासून आणलं होतं, त्याचा आकडा त्यानं विचारला नाही.

आणि नेमका तेव्हाच लेस्टरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तीस वर्षं तिथं राहून तिथल्या मराठी मंडळात नावारूपाला आलेली बाई. दर गुरुवारी तिच्या घरी चाळीसेक बायकांचं भजन असायचं.

"ताई, मेली कसली जाहिरात येतेय गं माझ्या फोनवर! बशीत बटाटेवडा आणि शेजारी दारूची बाटली. यांनी बघितलं तर म्हणतील, म्हातारपणी ही काय बघत बसते."

कावेरीबाई ताठ बसल्या. बटाटेवडा. सुचित्रानं वड्याचा फोटो काढायला त्यांनाच तळायला बसवलं होतं; चार घाण्यांतून एक वडा फोटोला पसंत पडला होता.

"परत दिसली की दाब," त्या म्हणाल्या.

"दारूवर दाबू?"

"नुसतं दाबायचं. आत जायचं नाही. कुठं घाईत हळदीकुंकवाला गेलो की कुंकू लावून घेऊन दारातूनच परततो ना, तसं. आणि तुझ्या भजनाच्या बायकांनाही सांग. कावेरीताईनं सांगितलंय म्हणावं."

"आत जन्मतारीख विचारतात गं. मी एकदा चुकून गेले होते."

"बघ, म्हणजे जायचंच नाही. बाईमाणसाला जन्मतारीख विचारणारं घर बरं नव्हे."

सुनेवर उपकार करावा म्हणून हे नव्हतं. तिचा आकडा चढायचाच असेल तर तो आपल्या हातानं चढावा. चांगला शिगेपर्यंत चढू द्यावा आणि मग भर ताटावर शैलूला सांगावं की बाबा रे, तुझी बायको शंभरात पाऊण आणत होती, उरलेल्या तुझ्या आईनं आणल्या.

भजनी मंडळानं कामात कसूर केली नाही. पहिल्या गुरुवारनंतर आकडा दीडवर गेला. पुढं बायकांना सवयच जडली. सकाळी चहा, मग दिवा, मग वड्यावर एकदा बोट. दुसऱ्या गुरुवारनंतर आकडा चार झाला. सुदेशनं ऑफिसातून केक पाठवला. शैलेंद्रनं सृष्टीदेखत सुचित्राला कवेत घेतलं आणि म्हणाला, "बघितलंस आई? शंभरात चार! या धंद्यात कुणाला जमत नाही ते हिनं करून दाखवलं."

केकचा तुकडा कावेरीबाईंनी न चावताच गिळला. तळलेला वडा त्यांचा, बहीण त्यांची, चाळीस बायका त्यांच्या शब्दावर बोटं झिजवताहेत, आणि कवेत कोण, तर ही. तेव्हाच बोलणार होत्या त्या. पण केकवर नाव सुचित्राचं लिहिलेलं. दुसरीच्या नावाच्या केकवर आपला मोठेपणा सांगायला त्यांचं मन धजेना.

शुक्रवारी सांगायचं ठरवलं. शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. दोन दिवस आधी वाल भिजत घालून मोड आणले, सकाळी बसून एकेक सोलला, नारळ घालून बिरडं केलं. शैलूचा जीव की प्राण. दोन घास त्याच्या पोटात गेले की बोलायचं.

पहिला घास गेला आणि सुचित्राचा फोन वाजला. हात बिरड्यात होते म्हणून तिनं फोन ताटाशेजारीच ठेवून मोठ्यानं, स्पीकरवर घेतला. सुदेशचा आवाज जेवणाच्या टेबलभर पसरला.

"सुचित्रा, लेस्टर का रिपोर्ट देखा? चार परसेंट! बेंचमार्क से पाँच गुना! और अंदर एक भी नहीं रुकता. जहाँ जन्मतारीख पूछते हैं, वहीं से सब भाग जाते हैं. सब औरतें. सब साठ के ऊपर. और सबसे ज्यादा गुरुवार शाम को. क्लायंट भड़का हुआ है. बोल रहा है, नंबर बढ़ाने के लिए किसी ने झूठे क्लिक खरीदे हैं. जिसने खरीदे, वो बाहर. खलास."

कावेरीबाईंच्या हातातला बिरड्याचा डाव वाढता वाढता थांबला.

सुचित्रानं मान वर केली. लेस्टर. साठच्या वरच्या बायका. गुरुवार संध्याकाळ. दर दिवाळीला त्याच भजनी मंडळासाठी फराळाचं पार्सल तीच भरून द्यायची. तिनं सासूकडे बघितलं. कावेरीबाईंना वाटलं, आता ही बोट दाखवणार. दाखवू दे. त्यांनी पदर सारखा केला आणि हनुवटी वर केली.

"सर, खरीदे नहीं हैं," सुचित्रा म्हणाली. "लेस्टर में मेरे रिश्तेदार हैं. मैंने ही उनको देखने को बोला था. मुझे समझना चाहिए था. गलती मेरी है."

"तुम? तुमसे ये उम्मीद नहीं थी. संडे को सुबह आके लिखके दो. क्लायंट रखने देगा कि नहीं, मैं नहीं बोल सकता."

फोन बंद झाला. सृष्टीनं पहिल्यांदाच ताटातून मान वर केली. "मम्मा, आर दे फायरिंग यू?"

सुचित्रा भाताचं शीत न शीत वेगळं करत बसली. तिची नोकरी गेली तर काय, हे त्या टेबलावर कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सात महिन्यांची ती भिंत अजून समोर होती.

"असं कशाला केलंस?" शैलेंद्र म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा सूर खाली आला. तो उठला, मागून जाऊन त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "होईल सगळं ठीक. इन्शाल्ला. मी आहे ना."

कावेरीबाईंनी तो हात बघितला. आकडा चढला तेव्हा तो हात तिच्याच खांद्यावर. आकडा बुडाला तरी तिच्याच खांद्यावर. आणि दोन्ही वेळा काम केलं होतं कुणी?

त्यांनी डाव पातेल्यात आपटला.

"हावरट आहेस तू, सुचित्रा."

"आई!" शैलेंद्र म्हणाला.

"तू थांब, शैलू. हिच्याशी बोलतेय मी. माझा मुलगा घेतलास, घे. घराचा कारभार घेतलास, बरा करतेस म्हणून गप्प बसले. माझ्या बहिणीनं आणि तिच्या चाळीस बायकांनी चढवलेला आकडा स्वतःच्या नावावर घेऊन केक कापलास, तोही मी मुकाट्यानं खाल्ला. आता माझी चूकसुद्धा घेतेस? त्या बायकांना मी सांगितलं. दाबा म्हणून मी, आत जाऊ नका म्हणूनही मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं काम आहे ते. एवढं एकच माझं म्हणून उरलं होतं, तेही तुला पाहिजे? नाही देणार. लाव त्या सुदेशला फोन, मोठ्यानं लाव. हिंदी येतं मला. त्याला सांगते, माझ्या सुनेवर असला आळ घ्यायचं कामच नाही. ही रात्रंदिवस फोनला डोळे लावून शंभरात पाऊण बाई आणते. शंभरात चार आणायची ऐपत या घरात एकटीची आहे, आणि ती तू नव्हेस."